जुन्या वाड्यातले फोटो धूसर येतात? लेन्स विकायच्या आधी हे तपासा

मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न हाच आहे. ट्रायपॉड लावला, टायमर लावला, आयएसओ (उजेडासाठी कॅमेऱ्याची संवेदनशीलता) १०० ठेवला, तरी वाड्यातला फोटो सॉफ्ट का येतो? आणि विचारणारा बहुतेक वेळा उत्तर ठरवूनच आलेला असतो, की लेन्स खराब आहे. मीसुद्धा एकेकाळी तसाच होतो, एक चांगली लेन्स विकायला काढली होती, गिऱ्हाईकही आलं होतं, आणि लेन्समध्ये काहीच दोष नव्हता. तेव्हापासून स्वतःच्या आणि मित्रांच्या कॅमेऱ्यांवर हाच प्रॉब्लेम इतक्या वेळा सोडवलाय की आता एक क्रम बसून गेलाय, तो इथे नीट लिहून ठेवतो.

आधी जागेबद्दल थोडं, कारण जागा समजल्याशिवाय प्रॉब्लेम समजत नाही. जुन्या नाशकात तिवंधा, भद्रकाली, सराफ बाजार, गोदाघाटाची पंचवटीकडची बाजू, इथे अजूनही बरेच वाडे कुलूप लावून पडलेत, कुठे भाऊबंदकी, कुठे मालक-भाडेकरू वाद, कुठे मुलं पुण्याला किंवा परदेशी. आत सागवानी खांब, कडीपाट, कोनाडे, देवळ्या, चुलीच्या धुराने काळी कुळकुळीत झालेली तक्तपोशी. मधल्या चौकात ऊन आणि चार पावलं आत माजघरात मिट्ट काळोख. मे महिन्यात दुपारी साडेबाराच्या आसपास नाशकात सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, चौकात ऊन अगदी सरळ खाली उतरतं, तेव्हा चौक आणि माजघर यांच्यातला उजेडाचा फरक इतका मोठा असतो की एका फोटोत दोन्ही बसत नाही. म्हणजे शटर काही सेकंद उघडं ठेवावं लागतं किंवा चार-पाच फोटो काढून जोडावे लागतात, आणि शटर जितका वेळ उघडं तितक्या चुका आत शिरायला जागा.

आता लक्षणं. सगळे "धूसर" म्हणतात पण धूसर चार प्रकारचं असतं आणि प्रत्येकाचं कारण वेगळं, म्हणून आधी कुठला धूसर ते ओळखायचं. मी यासाठी उजेडाचा ठिपका शोधतो. जुन्या वाड्यात तो मिळतोच, कौल सरकलेलं असतं, दाराच्या फळीत गाठ निघून गेलेली असते, पत्र्याला खिळ्याचं भोक असतं. असा एखादा ठिपका फ्रेममध्ये घ्या, फोटो काढा आणि कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर पूर्ण झूम करून फक्त तो ठिपका बघा.

ठिपका ओढला गेलाय, स्वल्पविरामासारखा, आकड्यासारखा, किंवा दोन ठिपके एकमेकांना चिकटून आहेत, तर कॅमेरा हललाय. ठिपका गोल चकतीसारखा पसरलाय, कडा सगळीकडून सारख्या, तर फोकस चुकलाय. ठिपका जागेवर बारीक आहे पण त्याच्याभोवती धुक्यासारखं वलय, आणि खिडकीच्या कडेने उजेड काळ्या भागात सांडलेला, तर काचेवर काहीतरी आहे, बोटाचा डाग, वाफ, नाहीतर बुरशी. आणि ठिपका एका कोपऱ्यात असताना समोरच्या कोपऱ्यात त्याचाच फिकट जुळा दिसतोय तर तो फिल्टरचा, म्हणजे लेन्सपुढे बसवलेल्या सपाट काचेचा, उलटा पडलेला प्रतिबिंब-ठिपका आहे. या चारातलं कुठलं ते कळलं की अर्धं काम झालं, आणि खर्च शून्य. हे न करता थेट लेन्सवर संशय घेणं म्हणजे ताप न मोजता औषध घेण्यासारखं.

दुसरी तपासणीसुद्धा फुकट. कॅमेरा घेऊन चौकात उन्हात या, तीच लेन्स, अपर्चर (लेन्समधलं उजेडाचं भोक) एफ/८, शटर १/५०० सेकंद किंवा त्याहून जलद, आणि वीट किंवा जातं किंवा दगडी पायरी असं काहीतरी पोत असलेलं टिपा. फोटो मधोमध चकचकीत स्पष्ट आला तर लेन्सची काच आणि फोकस साधारण ठीक आहे आणि दोष आतल्या काळोखात, म्हणजे वेळेत किंवा आधारात आहे. हा एक फोटो मी तेव्हा काढला असता तर लेन्स विकायला काढलीच नसती.

वलय दिसत असेल तर काच बघा. आधी यूव्ही फिल्टर काढून टाका, आतमध्ये त्याची गरज नाही, उलट काळोखातून उजेडाच्या खिडकीकडे कॅमेरा केला की सपाट काचेवरून उजेड परततो आणि तो जुळा ठिपका तयार होतो. मग ब्लोअर मारा, मग मऊ ब्रश, आणि सगळ्यात शेवटी मायक्रोफायबर. हा क्रम मोडू नका. वाड्यातली धूळ म्हणजे घरातल्या कपाटावरची धूळ नाही, त्यात चुना असतो, विटांचा भुगा असतो, वाळूचे कण असतात, शर्टाच्या टोकाने पुसलं की हेच कण काचेवरच्या कोटिंगवर पॉलिश पेपरसारखे फिरतात. आणि लेन्स बदलायची तर बाहेर ओसरीवर येऊन, कॅमेऱ्याचं तोंड खाली करून बदला. आत बदललीत तर धूळ सेन्सरवर, म्हणजे फोटो टिपणाऱ्या चिपवर बसते, मग आकाशाच्या प्रत्येक फोटोत करडे गोल डाग.

पावसाळ्यात वाफेचा प्रकार होतो. एसी गाडीतून कॅमेरा आणायचा आणि उतरल्या उतरल्या दमट वाड्यात उघडायचा, काच गार, हवा ओली, लगेच बाष्प धरतं. पुढच्या काचेवरचं दिसतं म्हणून आपण पुसतो, पण आतल्या काचांवरचं दिसत नाही आणि पुसताही येत नाही, पहिले वीस फोटो धुक्यातले निघतात. कॅमेरा बंद बॅगेतच राहू द्या, चेन न उघडता अर्धा तास, तोवर वाडा हिंडून फ्रेम बघून ठेवा. घाईत हेअर ड्रायर वगैरे कोणी सुचवलं तर अजिबात करू नका, गरम हवेने काचांमधला चिकट पदार्थ आणि रबर खराब होतं.

आता हलण्याचा प्रकार, जो खरा मोठा आहे आणि जिथे सगळ्यात जास्त लोक अडकतात.

सोपं आधी. कॅमेरा ट्रायपॉडवर आहे तर लेन्सचं आणि बॉडीचं स्टॅबिलायझेशन (हात हलला तर सावरून घेणारी सोय) बंद करा. नवीन कॅमेरे ट्रायपॉड ओळखतात असं म्हणतात, बरेच ओळखतात, पण सगळे नाही, आणि न ओळखणारा कॅमेरा नसलेली हालचाल शोधत बसतो आणि स्वतःच प्रतिमा हलवतो. गळ्यातला पट्टा काढून टाका किंवा गुंडाळून बांधा, खिडकीतून वारा आला की तो शीड होतो. ट्रायपॉडचा मधला दांडा वर काढू नका, तो वर काढला की तीन पायांचा ट्रायपॉड एका पायाचा होतो. शटर बटण बोटाने दाबू नका, टायमर किंवा रिमोट. डीएसएलआर (आत आरसा असलेला कॅमेरा) असेल तर मिरर लॉक करा, म्हणजे आरसा आधीच वर करून ठेवा, किंवा लाइव्ह व्ह्यूमधून, मागच्या स्क्रीनवर बघून काढा, बहुतेक मॉडेलमध्ये लाइव्ह व्ह्यूत आरसा आधीच वर असतो. मिररलेस (आरसा नसलेला) असेल तर इलेक्ट्रॉनिक फर्स्ट कर्टन चालू करा, म्हणजे सुरुवातीला शटरचा पडदा हलत नाही. पूर्ण इलेक्ट्रॉनिक शटर मात्र एलईडी टॉर्च लावून वापरू नका, फोटोत पट्टे येऊ शकतात.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या जी मला फार उशिरा कळली. हलण्याचा सगळ्यात जास्त त्रास तीस सेकंदाच्या फोटोत होत नाही, १/१५ सेकंद ते एक-दोन सेकंद या पट्ट्यात होतो. कारण साधं आहे, बटण दाबलं किंवा आरसा उडाला की कॅमेरा अर्धा सेकंद थरथरतो समजा, तर तीस सेकंदांत तो अर्धा सेकंद कुठेच दिसत नाही, पण १/४ सेकंदाच्या फोटोत संपूर्ण फोटोच त्या थरथरीत काढला जातो. म्हणून कधी कधी शटर अजून लांबवणं हाच उपाय असतो, आयएसओ ४०० वरून १०० वर आणा, एका सेकंदाचे चार होतात, आणि फोटो स्पष्ट येतो. लोक उलट करतात, घाबरून शटर थोडंसं जलद करतात आणि नेमकं त्या वाईट पट्ट्यात जाऊन बसतात.

आणि मग ती गोष्ट जिच्यापायी मी तीन फेऱ्या वाया घालवल्या. तिवंध्याजवळ एका मित्राच्या आजोळचा वाडा आहे, तिथे कोणी राहत नाही, किल्ली त्याच्या आत्यांकडे. तळमजल्यावरचे सगळे फोटो स्पष्ट, आणि वरच्या माळ्यावरचे सगळे हललेले. तोच कॅमेरा, तीच लेन्स, तोच ट्रायपॉड, तेच दोन सेकंदांचं टायमर. शेवटी लेन्स मेन रोडच्या एका रिपेअरवाल्याकडे नेली, त्याने तपासून सांगितलं की लेन्स उत्तम आहे, तुमची काढायची पद्धत बघा. मला तेव्हा ते पटलं नाही.

तिसऱ्या फेरीच्या वेळी आत्या स्वतः आल्या होत्या, खाली ओसरीवर बसल्या होत्या. मी वरून उतरलो तेव्हा म्हणाल्या, "वर दोघं दोघं नको रे जाऊस, आमचे दादा एकेकालाच सोडायचे. आम्ही पोरं वर धावलो ना की कोपऱ्यातल्या घागरीतलं पाणी हिंदकळायचं, आई खालून ओरडायची."

मी म्हटलं, "आत्या, एक वाटी मिळेल का?"

त्यांच्या डब्यातली स्टीलची वाटी घेतली, त्यात दोन बोटं पाणी घातलं आणि वर जाऊन ट्रायपॉडच्या तीन पायांच्या मध्ये त्याच फळीवर ठेवली. मोबाईलचा टॉर्च असा टेकवला की उजेड पाण्यावर पडून समोरच्या काळ्या भिंतीवर परतेल. भिंतीवर उजेडाचा एक तुकडा पडला, रुपयाएवढा. आणि मी फक्त एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेतला, पाऊलसुद्धा उचललं नाही, तर तो तुकडा वितभर सरकला आणि थरथरत राहिला. मी श्वास रोखून उभा राहिलो, तो हळूहळू शांत झाला. बटण दाबून एक पाऊल मागे आलो, पुन्हा नाचायला लागला, आणि तेवढ्यात दोन सेकंद संपून शटर उघडलेलंही होतं. तीन फेऱ्यांचं उत्तर त्या भिंतीवर दिसत होतं.

यात दोन गोष्टी घडतात आणि दोन्ही वेगळ्या आहेत. एक म्हणजे थरथर, पाऊल टाकलं की फळी कंप पावते आणि काही क्षणांत थांबते, यावर उपाय दहा सेकंदांचं टायमर. दुसरं म्हणजे वाकणं, फळी आणि तिच्याखालची कडी, म्हणजे फळ्यांना आधार देणारं आडवं लाकूड, तुमच्या वजनाने किंचित खाली जाते आणि तुम्ही जागा बदलली की तिचा उतार बदलतो, ट्रायपॉड त्या उताराबरोबर कलतो, कॅमेऱ्याला केसाएवढं कलणंसुद्धा फोटोत कित्येक पिक्सेल होतं. यावर टायमर चालत नाही, तीस सेकंदांचं शटर उघडं असताना तुम्ही मध्येच बूड टेकवलंत की ठिपक्याचे दोन ठिपके. शटर उघडं आहे तोवर तुम्ही जिथे असाल तिथेच पुतळ्यासारखं राहायचं, किंवा त्याहून बरं म्हणजे त्या जमिनीवर नसायचंच, रिमोट घेऊन दगडी जिन्यावर उभं राहायचं.

ट्रायपॉड कुठे ठेवायचा हेही ठरलेलं आहे. फळीवरच्या खिळ्यांच्या ओळी बघा, खिळे जिथे ओळीत आहेत तिथे खाली कडी आहे. ट्रायपॉडचे पाय खिळ्यांच्या ओळीवर आणि शक्य तितके भिंतीजवळ, कारण कडी मधोमध सगळ्यात जास्त वाकते आणि भिंतीजवळ सगळ्यात कमी. तुम्ही स्वतः त्याच कडीवर उभे राहू नका. एवढं केलं आणि त्याच माळ्यावर त्याच लेन्सने खुंटीवरची कोळ्याची जाळीसुद्धा तार तार वेगळी आली.

वाटीबद्दल एक सांगून ठेवतो, पाणी जमिनीपेक्षा जास्त वेळ हलत राहतं, त्यामुळे वाटी हलतेय म्हणजे जमीन हलतेयच असं नाही, पण वाटी शांत झाली तर जमीन नक्की शांत आहे, आणि आपल्याला तेवढंच हवं असतं. आणि हा प्रकार फक्त लाकडी मजल्यावर. सातपूर-अंबडकडच्या बंद शेडमध्ये काँक्रीटची जमीन असते तिथे जमीन हलत नाही, तिथे पत्रे वाजतात आणि वारा थेट ट्रायपॉडवर येतो, तिथे बॅग ट्रायपॉडला लटकवा पण ती जमिनीला टेकेल अशी, नाहीतर झुलून तीच हलवते. गणपतीच्या आधीचे पंधरा-वीस दिवस जुन्या नाशकात संध्याकाळी ढोलपथकांचा सराव असतो, जवळपास सराव चालू असेल तर खिडकीची तावदानं हाताला थरथरताना लागतात, त्या वेळी लाँग एक्स्पोजर काढूच नका, सकाळी या.

ठिपका गोल चकती होत असेल तर फोकस. काळोखात ऑटोफोकसला धरायला काही मिळत नाही, तो पुढे-मागे शोधतो आणि कुठेतरी थांबतो. टॉर्च एखाद्या कडेवर मारा, खांबाची कोरीव कड, दाराची कडी, कुलपाचं भोक, तिथे फोकस घ्या, मग लेन्स मॅन्युअलवर टाका आणि टॉर्च बंद. लाइव्ह व्ह्यूमध्ये दहापट झूम करून हाताने घेतलेला फोकस सगळ्यात भरवशाचा. मॅन्युअलवर टाकायचं विसरलात तर टायमर संपल्यावर कॅमेरा पुन्हा फोकस शोधतो आणि सगळं वाया, हे अनुभवी लोकांचंही होतं. झूम लेन्स असेल तर फोकस घेतल्यानंतर झूमची रिंग फिरवू नका, बऱ्याच लेन्सचा फोकस झूमबरोबर सरकतो.

अपर्चरचा एक गैरसमज इथेच. पुढचा उंबरठा आणि मागचं देवघर दोन्ही स्पष्ट हवं म्हणून लोक एफ/२२ लावतात. भोक तितकं बारीक झालं की प्रकाश कडेने पसरतो आणि सगळा फोटोच मऊ पडतो, वर शटर एफ/८ पेक्षा जवळजवळ आठपट लांबतं. एफ/८ ते एफ/११ च्या पुढे जाऊ नका, गरज पडली तर उंबरठ्यावर एक आणि देवघरावर एक असे दोन फोकस घेऊन नंतर जोडा.

आता ब्रॅकेटिंग, म्हणजे कमी-जास्त उजेडाचे फोटो काढून एचडीआरसाठी जोडणं, कारण वाड्यात खिडकी आणि कोपरा दोन्ही हवे असतात. पाच फोटो, दोन-दोन स्टॉपच्या अंतराने, म्हणजे प्रत्येक आधीच्यापेक्षा साधारण चौपट वेळाचा, समजा १/१५, १/४, १, ४ आणि १५ सेकंद. बघा, पाचातले पहिले तीन नेमके त्या वाईट पट्ट्यात आहेत. सॉफ्टवेअर पाचही जोडतं आणि स्पष्ट फोटोंवर हललेले फोटो चढवतं, निकाल सॉफ्ट दिसतो आणि आपण पुन्हा लेन्सला दोष देतो. म्हणून जोडायच्या आधी प्रत्येक फ्रेम वेगळी झूम करून त्या ठिपक्यावर बघा. काही कॅमेऱ्यांत टायमर फक्त पहिल्या फोटोआधी थांबतं आणि बाकीचे चार धडाधड निघतात, डीएसएलआरमध्ये मध्ये मध्ये आरसाही उडतो, तसं असेल तर पाचही फोटो स्वतः शटर बदलून एकेक काढा, कॅमेऱ्याला हात लागेल तेव्हा दर वेळी वाटी शांत होऊ द्या. अपर्चर कायम तेच, ऑटो आयएसओ बंद, व्हाइट बॅलन्स ऑटोवर नको नाहीतर पाच फोटोंचे पाच रंग. भिंतीतून उगवलेला पिंपळ आणि कबुतरं प्रत्येक फोटोत वेगळ्या जागी असणार, त्यांच्या जागी भुतासारखे फिकट तुकडे येतात, तिथे एकाच फ्रेममधला भाग ठेवायचा.

एक्स्पोजर शोधण्यात वेळ घालवू नका. आयएसओ ६४०० लावा आणि फोटो काढून बघा, तिथे बरोबर दिसला तो वेळ चौसष्टने गुणा, तो आयएसओ १०० चा. म्हणजे ६४०० ला पाव सेकंद तर १०० ला सोळा सेकंद. तीस सेकंदांच्या वर गेलं तर बल्ब मोड (आपण बंद करेपर्यंत शटर उघडं राहतं) आणि रिमोट. आणि लांब फोटोनंतर कॅमेरा तितकाच वेळ अडकल्यासारखा वाटला तर तो बिघडलेला नाही, लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन चालू आहे, तो शटर बंद ठेवून तेवढ्याच वेळाचा दुसरा काळा फोटो घेतो आणि लाल-निळे ठिपके वजा करतो. मध्येच बॅटरी काढू नका.

इथवर सगळं करूनही फोटो एका बाजूलाच मऊ येत असेल तर मग लेन्सकडे वळा. बाहेर उजेडात, जमिनीवर ट्रायपॉड, सपाट विटांची भिंत, कॅमेरा भिंतीला अगदी समांतर, लेन्सचं सगळ्यात मोठं अपर्चर आणि एफ/८ असे दोन फोटो. चारही कोपरे झूम करून बघा. कोपरे मधल्यापेक्षा थोडे मऊ असणं चालतं, पण तीन कोपरे ठीक आणि एकच मऊ, आणि एफ/८ लासुद्धा मऊ, तर आतली काच मध्यावरून सरकलीय. लेन्स कधी पडली होती का आठवा. आणि बुरशी बघायची तर लेन्स कॅमेऱ्यातून काढा, अपर्चर पूर्ण उघडा, एका बाजूने टॉर्च मारून दुसऱ्या बाजूने तिरकं बघा. धुळीचे कण वेगवेगळे चमकतात, ते चालतात. बुरशी कोळ्याच्या जाळ्यासारखी किंवा झाडाच्या फांद्यांसारखी दिसते, कडेपासून आत येते. पावसाळ्यात महिनाभर बंद बॅगेत ठेवलेल्या लेन्सला ही बऱ्याचदा लागते. हवाबंद डबा, सिलिका जेल आणि शंभर-दोनशे रुपयांचं आर्द्रतामापक, आतली आर्द्रता चाळीस ते पन्नास टक्क्यांच्या मध्ये, एवढ्यावर टाळता येते.

इथे थांबायचं. आतली बुरशी, सरकलेली काच, सैल झालेलं माउंट, तेलकट झालेली अपर्चरची पाती, सेन्सरवरचा ब्लोअरने न जाणारा डाग, यातलं काहीही घरी उघडू नका. व्हिडिओ बघून स्क्रू काढलेल्या लेन्स मी बघितल्यात, काचांमधल्या चकत्यांचा क्रम एकदा चुकला की नंतर चांगला कारागीरही हात टेकतो. बुरशी तर लवकर न्या, ती काचेचं कोटिंग खाते आणि एकदा खाल्लं की साफ केल्यावरही खुणा राहतात. जाताना तो ठिपक्याचा फोटो आणि विटांच्या भिंतीचे दोन फोटो पेन ड्राइव्हवर न्या, "फोटो चांगला येत नाही" एवढंच सांगितलं तर त्याला काही कळत नाही आणि तुमचे पैसे चाचपडण्यात जातात.

वाड्याच्या बाबतीत तर याच्याही आधी थांबायचं. मालकाची परवानगी आणि किल्ली हे पहिलं, भिंत चढून आत जायचं नाही. पावसाळ्यात जुन्या नाशकात वाडे पडतात, दरवर्षी पडतात, महापालिका धोकादायक वाड्यांना नोटिसा लावते, अशी नोटीस दारावर असेल तर परवानगी असली तरी मी आत जात नाही. पुराचं पाणी ज्या वाड्यांत शिरलं होतं, २०१९ च्या ऑगस्टमध्ये गोदाकाठच्या बऱ्याच वाड्यांत शिरलं, तिथे भिंतीवर मातीची आडवी रेघ अजून दिसते, त्या रेघेखालच्या मातीच्या विटा आणि लाकूड वरून कोरडं दिसलं तरी आतून पोकळ असू शकतं. माळ्यावर जायच्या आधी खालून तुळईची टोकं बघा, भिंतीत शिरतात तिथेच वाळवी आणि ओल आधी लागते, किल्लीचं टोक दाबल्यावर लाकूड भुसभुशीत लागलं, किंवा भिंत आणि तुळईच्या मध्ये ताजी फट दिसली, किंवा खाली चुन्याचा नवा भुगा पडलेला असेल, तर वर जायचं नाही, मालकाला सांगायचं आणि त्यांनी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवायचं, ते आपलं काम नाही. वर असताना करकर आवाज आला तर कॅमेरा उचलायला थांबू नका. कोणी अडकलं तर १०१, अग्निशमन दल, स्वतः ढिगारा उपसायचा नाही.

चौकातल्या आडावर बहुतेक ठिकाणी फळ्या टाकलेल्या असतात आणि त्यावर पालापाचोळा साचून जमीन वाटते, काठीने ठोकून मगच पाय टाका. कबुतरांची विष्ठा असेल तर एन-९५ मास्क लावा, वाळलेली विष्ठा पायाखाली उडते आणि फुप्फुसात जाते. साप दिसला तर सर्पमित्राला फोन, मधमाश्यांचं पोळं दिसलं तर फ्लॅश आणि टॉर्च दोन्ही बंद करून आल्या वाटेने परत.

आणि माझा माळ्यावरचा नियम, वाटी ठेवली, पुतळ्यासारखा उभा राहिलो, बाहेर वाहन नाही, वारा नाही, आणि तरीही भिंतीवरचा उजेड मिनिटभरात शांत झाला नाही, तर ट्रायपॉड मिटून खाली उतरतो. दोनदा असं झालंय, दोन्ही वेळा तो फोटो सोडून आलोय, आणि दोन्ही वेळा मालकाला जाऊन सांगितलं की वरचा मजला कोणाला तरी दाखवून घ्या.